स्क्रीनवरचा आकडा आणि टेबलाची खरी जागा

मित्रहो, घरी सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं कटाईचं यंत्र, उभारणाऱ्याचा बहुतेक वेळ फ्रेम, रेल आणि बॉलस्क्रूवर (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवर) जातो. ते बरोबरच आहे. डगमगत्या फ्रेमला कुठलंही सॉफ्टवेअर ताळ्यावर आणू शकत नाही. पण फ्रेम उभी राहिली, मोटरी बसल्या असं धरून आज त्यापुढचं बोलू.

साधी स्टेपर मोटर, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याला (पल्सला) ठरावीक पाऊलभर फिरणारी, वापरली की कंट्रोलर पल्स पाठवतो आणि ती तेवढी फिरली असं गृहीत धरतो. कटर अडकला, मोटर जागच्या जागी गुरगुरली, तरी आकडा पुढे सरकतच राहतो. म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर दिसते ती कंट्रोलरची समजूत. ती खरी ठेवायची, एवढंच सेटिंगचं सगळं काम.

आता थोडा हिशोब. १.८ अंशाची मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप घेते. मोटर चालवणारा ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका स्टेपचे आठ भाग करत, असेल तर १६००. बॉलस्क्रूची लीड (एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर) ५ मिमी असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पल्स. हा आकडा हिशोबानेच भरा. मोजपट्टी लावून ३२० चे ३१९.२ करणारे हौशी लोक पुष्कळ भेटतात. ते बहुतेकदा मोजपट्टीची चूक यंत्रात भरत असतात.

याच यंत्राला मिनिटाला ३६०० मिमी पळवायचं, तर सेकंदाला १९,२०० पल्स लागतात, म्हणजे साधारण ५२ मायक्रोसेकंदांना एक. इथे रस्ते दोन, म्हणजे दोन कंट्रोल सॉफ्टवेअर. ग्रबल हे अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालतं. १६ मेगाहर्ट्झची ८ बिटी चिप, पण तिला दुसरं कामच नाही, त्यामुळे सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत ती इमानाने देते. पीसीवर चालणाऱ्या लिनक्ससीएनसीचा वंश वेगळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे एनआयएसटीमध्ये, त्याचं मूळ आहे, आणि त्याचं आधीचं नाव ईएमसी. पॅरलल पोर्टवरून (पीसीच्या जुन्या प्रिंटर सॉकेटवरून) चालवलं तर पल्स पीसी स्वतः पाडतो. त्यासाठी रिअल-टाइम कर्नल, म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा लिनक्सचा गाभा, लागतं, आणि तेवढ्यानेही भागत नाही; पीसी तरीही कधी कधी उशीर करतो.

म्हणून कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे हा उशीर मोजणारी चाचणी, चालवा. ती चालू असताना पीसीला छळा: मोठ्या फाइली कॉपी करा, विंडो ओढा, ग्राफिक्स चालवा. सर्वाधिक जिटर (वेळेतली चूक) १५-२० मायक्रोसेकंदांत राहिला तर उत्तम. ३०-५० असेल तरी भागतं, वेग थोडा आवरावा लागतो. १०० च्या वर गेला तर त्या पीसीकडून पल्स पाडून घेण्याचा नाद सोडा आणि पल्स स्वतः तयार करणारं वेगळं कार्ड लावा. महागडा, वेगवान पीसी इथे नापास होतो आणि जुनाट खोका पास होतो, असं खुशाल घडतं. बायोसमधली वीजबचतीची सेटिंग बंद करून पुन्हा टेस्ट घ्यायला विसरू नका.

मग वेग आणि त्वरण. स्टेपरचा टॉर्क वेगाबरोबर घटतो, त्यामुळे स्टेप सुटतात त्या वेगाच्या टोकाला, किंवा झटकन उचल घेताना. टेबलाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) टेकवा, काटा शून्यावर आणा आणि अक्ष पूर्ण वेगात पन्नासेक वेळा मागे-पुढे पळवून त्याच जागी आणा. गेजकडे प्रत्येक वेळी एकाच दिशेने या, नाहीतर स्क्रूची ढिलाई मापात मिसळेल. काटा दर खेपेला थोडा थोडा सरकत गेला तर स्टेप सुटताहेत. आधी त्वरण कमी करा, मग वेग. मुद्दाम दुसऱ्या बाजूने आल्यावरच ठरावीक फरक दिसत असेल, तर ती बॅकलॅश, म्हणजे स्क्रूची तीच ढिलाई. तिची भरपाई सॉफ्टवेअर करतं, पण कटर टेबलाला ओढू लागला की ते हतबल होतं. तिथे प्रीलोडवाली, म्हणजे आधीच ताण देऊन ढिलाई काढलेली, नटच हवी.

लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी वीज वाहत राहील अशा, पद्धतीने जोडा. वायर तुटली की यंत्र थांबतं. आणि इमर्जन्सी स्टॉपच्या बटणाने ड्रायव्हर आणि कटर फिरवणारा स्पिंडल दोघांची वीज थेट तुटली पाहिजे. सॉफ्टवेअरला त्याची खबर जरूर द्या, परवानगी मात्र मागू नका.