नाणं कोंदणात बसवताना

आपल्या पुतळ्यांच्या माळेपासून सुरुवात करते, कारण ती बहुतेक घरांत पाहिलेली असते. पुतळी दिसते नाण्यासारखी, पण ती घडवलेली असते गळ्यासाठीच. तिला कडी झाळली, तर तिचं काही बिघडत नाही. ग्रीक नाण्याचं तसं नाही. ते बाजारात चालण्यासाठी पाडलं गेलं, आणि अडीच हजार वर्षांनी आपण त्याला दागिन्यात आणतोय. त्यामुळे माझी अट एकच आहे: ज्या दिवशी कोंदण काढू, त्या दिवशी नाणं जसं आत गेलं तसंच बाहेर आलं पाहिजे.

अथेन्सचं चार द्राक्मांचं नाणं घ्या. वजन सुमारे 17.2 ग्रॅम, चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. तिथं गुलाम राबत, हे ते नाणं हातात घेताना मी विसरू शकत नाही. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथं नवी चांदी लागली. ती लोकांत वाटून टाकायची असं चाललं होतं, पण अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस यानं तिच्यातून युद्धनौका बांधायला लावल्या. तीन वर्षांनी सालामिसच्या सामुद्रधुनीत याच आरमारानं इराण्यांना हरवलं.

नाण्याच्या एका बाजूला अथेन्सची देवी अथेना, दुसरीला तिचं घुबड. घुबडाच्या मागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे अथेन्सच्या नावाची तीन अक्षरं. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात, म्हणून कुणीकुणी बिचकतं. अथेन्समध्ये ते देवीचा पक्षी होतं, आणि नाण्यालाच लोक ‘घुबड’ म्हणत.

ही नाणी हातानं पाडलेली. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि मग हातोडा. चकती ठशापेक्षा लहान पडली की अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा बाहेर जातो. कडा कुठे जाड, कुठे पातळ. दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे तयार साच्यातलं कोंदण इथं चालत नाही. प्रत्येक नाण्याची कड मापून पट्टी वळवावी लागते. कोंदणात बसत नाही म्हणून नाणंच कानसणारे कारागीरही आहेत. ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

एकदा माझ्याकडे असंच एक घुबड आलं. कुणीतरी त्याला वर कडी झाळली होती. चांदीची झाळ वितळायला 700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्या आचेत शतकानुशतकं जमलेला काळसर रंग उडून गेला होता. कडी मी काढली, पण तिथला व्रण राहिला. जुनी चांदी जमिनीत पडून आतून ठिसूळ होते, वरून धडधाकट दिसली तरी ती दाबानंही तडकू शकते.

म्हणून माझ्या कामात पट्टी, कडी, साखळीचा दुवा असं सगळं झाळकाम आधी पूर्ण होतं. नाणं अगदी शेवटी, थंड कोंदणात जातं. काठासाठी मी 22 कॅरेटचं सोनं घेते. ते मऊ असल्यानं हलक्या दाबानं वळतं, आणि पुढे कुणी तितक्याच हलक्या हातानं उघडूही शकतं. नाणं घासायचं नाही, भोक पाडायचं नाही, पाठ झाकायची नाही.

पाठ उघडी ठेवायचं आणखी एक कारण आहे. कित्येक घुबडांवर छिन्नीचा खोल घाव असतो. आत तांबं आणि वर चांदीचा मुलामा तर नाही ना, हे तपासायला त्या काळच्याच व्यापाऱ्यांनी तो घातलेला. गिऱ्हाईक म्हणतं, हा खराब माल, घाव लपवा. मला तो घाव फार आवडतो. आपला सराफ कसोटीवर सोनं घासतो, तसंच कुणीतरी हे नाणं पारखून घेतलं होतं!

रोममध्ये 1884 साली दुकान काढणारे जवाहिरे बुल्गारी मूळचे ग्रीसमधल्या एपिरसचे. त्या घराण्यानं 1960 च्या दशकापासून प्राचीन नाण्यांचे दागिने जगभर नेले. त्यांच्या कोंदणावर नाण्याची ओळख कोरलेली असते. ही चाल मी आनंदानं उचलली आहे. मात्र नाणं कुठून आलं याचे कागद नसतील, तर मी कामाला हात लावत नाही. ग्रीसच्या जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू तिथल्या सरकारची असते, आणि चोरून उकरलेल्या नाण्याबरोबर ते कुठे, कशासोबत पडलं होतं ही माहिती कायमची जाते.

राहिला नेहमीचा प्रश्न: दर्शनी बाजू कुठली? बहुतेकांना अथेना हवी असते. मी कडी फिरती ठेवते, म्हणजे वाटेल तेव्हा घुबडही बाहेर येतं.