पहिल्या बेसकडे बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'पिट्सबर्ग पायरेट्सचे सहा अविस्मरणीय क्षण'. पायरेट्स म्हणजे अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल संघ. सहाही घेऊ. पण सुरुवात १३ ऑक्टोबर १९६० पासूनच करायला हवी, कारण तो दिवस नीट उलगडला की बाकीचे पाच कसे बघायचे ते आपोआप कळतं.

बिल मॅझरोस्कीचा तो होम रन इथे बसलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेला असणार. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाच्या मालिकेचा, सातवा सामना, पायरेट्सचं मैदान फोर्ब्स फील्ड, नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, ९-९ बरोबरी. समोर न्यूयॉर्क यांकीज, त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, राल्फ टेरी. त्याचा पहिला चेंडू स्ट्राइक झोनच्या बाहेर. दुसरा थेट डाव्या मैदानात उभ्या असलेल्या योगी बेराच्या डोक्यावरून, वेलींनी झाकलेल्या विटांच्या भिंतीपलीकडे. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अशा होम रनने तिथल्या तिथे संपला, हे आजवर तेवढं एकदाच घडलंय. टोपी गरागरा फिरवत धावणारा मॅझरोस्की सगळ्यांच्या डोळ्यांत राहिलाय, आणि राहायलाच हवा.

माझं म्हणणं एवढंच की तो क्षण बॅटने घडवला नाही. तो पहिल्या बेसपाशी घडला, म्हणजे चेंडू मारून फलंदाज सगळ्यात आधी जिथे पळतो तिथे. आठव्या इनिंगमध्ये एकदा आणि नवव्यात एकदा. दोन्ही वेळा प्रश्न होता तो पाय कुठे आणि कधी टाकायचा याचा.

आधी एक आकडा सांगतो, तो डोक्यात ठेवा. त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून १९ धावा केल्या आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, झाले शून्य. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा दुसरा सामना नाही. याचा अर्थ काय होतो? पिचरने एकालाही परस्पर बाद केलं नाही. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) आणि होम रन सोडले तर प्रत्येक फलंदाजाने चेंडू मैदानात मारला आणि प्रत्येक वेळी तो कुणीतरी अडवायचा होता. नऊ इनिंगा सगळा भार क्षेत्ररक्षकांच्या हातांवर.

आता आठवी इनिंग. यांकीज ७-४ ने पुढे. जीनो सिमोली बदली फलंदाज म्हणून आला आणि सिंगल, म्हणजे एका बेसची हिट, मारून पहिल्या बेसवर पोचला. मग बिल व्हर्डनने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, सरपटता चेंडू मारला, अगदी डबल प्लेसाठीच (एका चेंडूवर दोन आउट) मारावा तसा. टोनी क्युबेक वाकून तयार होता. फोर्ब्स फील्डच्या आतल्या मैदानाची माती कडक आणि खडबडीत, पाहुणे संघ तिच्या नावाने बोटं मोडायचे. चेंडू शेवटच्या टप्प्याला, म्हणतात एका खड्यावरून, उसळला आणि क्युबेकच्या गळ्यावर बसला. तो कोसळला, त्याला मैदान सोडावं लागलं. दोन आउट व्हायचे तिथे एकही नाही. हा खडा दैवाचा, त्यात कुणाची चूक नाही, म्हणून मी त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. लोक मात्र वर्षानुवर्षं त्या खड्याचंच बोलतात.

खरी चूक पुढे आहे. डिक ग्रोटच्या सिंगलवर सिमोली घरी, म्हणजे होम प्लेटवर आला, एक धाव, ७-५. जिम कोट्स पिचिंगला आला. बॉब स्किनरने बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवून, दोन्ही धावकांना पुढे सरकवलं, एक आउट. रॉकी नेल्सनचा उंच चेंडू उजव्या मैदानात झेलला गेला, दोन आउट. आता रॉबर्टो क्लेमेंटे. त्याने जमिनीवर आपटून उंच उसळलेला, हळू चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला मारला. पहिल्या बेसचा मूस स्कॉरन बेस सोडून पुढे आला, चेंडू त्याने नीट उचलला, आणि फेकायला वळला तर बेसवर कुणीच नाही. कोट्स पोचलेलाच नव्हता. व्हर्डन घरी आला, ७-६.

शनिवारी मुलांना लिटल लीगला (मुलांच्या बेसबॉलला) नेणारे आईबाबा इथे बरेच दिसतात, म्हणून हा सराव सविस्तर सांगतो. चेंडू पिचरच्या डाव्या हाताला गेला की पिचरने विचार करायचा नाही, निघायचं. चेंडू आपल्याला मिळेल का, हे बघत थांबलं की दोन पावलं गेली, आणि कोट्सचं नेमकं तेच झालं. आधी तो चेंडूच्या दिशेने सरकला. पळायचं ते बेसच्या दिशेने सरळ नाही, तर बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे फाउल लाइन गाठायची आणि तिथून लाइनला समांतर वर जायचं. सरळ गेलं तर धावकावर आपटायची भीती, शिवाय वेगात बेस ओलांडून पाय पलीकडे जातो. चेंडू छातीच्या उंचीवर, बेसच्या एक-दोन पावलं आधी हातात यायला हवा, म्हणजे नजर मोकळी होते आणि खाली बेस शोधता येतो. उजव्या पायाने बेसची आतली कड दाबायची आणि मैदानाच्या आत वळायचं, कारण दुसरा धावक तेवढ्यात घराकडे निघालेला असू शकतो. माउंडपासून, म्हणजे चेंडू फेकायच्या उंचवट्यापासून, निघालेल्या पिचरला धावायचंय फलंदाजापेक्षा कमी, फलंदाजाला ९० फूट. वेळेवर निघालेला पिचर ही शर्यत सहसा हरत नाही. उशिरा निघालेला क्लेमेंटेसमोर कधीच जिंकणार नाही.

कोट्स पोचला असता तर तिसरा आउट, इनिंग संपली, यांकीज ७-५. त्याऐवजी हॅल स्मिथ बॅटिंगला आला. हा राखीव कॅचर त्याच इनिंगच्या पूर्वार्धात मैदानात उतरला होता. त्याने तीन धावांचा होम रन मारला आणि पायरेट्स ९-७ ने पुढे गेले. सामना तिथेच संपता तर पिट्सबर्गमध्ये आज पुतळा हॅल स्मिथचा असता.

(थोडं पाणी घेतो.)

नववी इनिंग, पूर्वार्ध. यांकीजनी एक धाव काढलीय, ९-८. एक आउट. मिकी मँटल पहिल्या बेसवर, गिल मॅकडूगल तिसऱ्यावर. पिचर हार्वी हॅडिक्स. योगी बेराने पहिल्या बेसच्या रेषेवर सणसणीत सरपटता चेंडू मारला आणि रॉकी नेल्सनने तो अडवला.

इथे फोर्सचा नियम कळीचा आहे आणि खो-खो खेळलेल्यांना तो एका वाक्यात समजतो. फलंदाज धावत निघाला की पहिल्या बेसवरच्या माणसाला खो मिळतो, त्याला उठावंच लागतं. तो दुसऱ्या बेसवर पोचायच्या आत चेंडू हातात धरून कुणी तो बेस दाबला की तो आउट, अंगाला चेंडू लावायची गरज नाही. पण आधी पहिला बेस दाबून फलंदाजालाच आउट केलं, तर खो मागे घेतला जातो. मग पुढच्या माणसाला पळायची सक्ती उरत नाही. तो परत फिरू शकतो आणि त्याला प्रत्यक्ष शिवावं लागतं.

नेल्सनपुढे दोन वाटा होत्या. दुसऱ्या बेसवर थ्रो, तिथून परत पहिल्यावर, की डबल प्ले. तिसरा आउट फलंदाजाचा झाला असता, म्हणून मॅकडूगल घरी पोचला असता तरी धाव धरली नसती. सामना संपला, पायरेट्स ९-८ ने विजेते. दुसरी वाट जवळची दिसते ती: बेस पायाशीच आहे, दाबून टाकू. नेल्सनने पाय ठेवला. बेरा आउट, दोन आउट. आणि त्याच क्षणी मँटलचा खो मागे घेतला गेला. मँटल समोरच उभा होता. दुसऱ्या बेसकडे न पळता त्याने नेल्सनच्या हाताखालून पहिल्या बेसवर उलटी उडी घेतली. टॅग, म्हणजे चेंडूने शिवणं, हुकला. तोवर मॅकडूगल घरी, ९-९.

धावकाच्या डोक्यात एवढा नियम त्या अर्ध्या सेकंदात कसा आला असेल, हे मला आजही थक्क करतं. आणि हे आपण स्वतः बघू शकतो, याचं श्रेय बिंग क्रॉस्बीला. गायक क्रॉस्बी पायरेट्सचा भागीदार होता. आपण बघितलं तर संघ हरेल या धास्तीने तो पॅरिसला निघून गेला, पण दूरदर्शनवरचं प्रक्षेपण त्याने फिल्मवर उतरवून घेतलं. त्या रिळा २००९ साली त्याच्या घराच्या तळघरात सापडल्या. तोवर या सामन्याचं पूर्ण चित्रण उरलेलं नाही, असंच सगळे धरून चालले होते.

या दोन घटना नसत्या तर मॅझरोस्कीला बॅट हातात घ्यायची वेळच आली नसती. आणि मला सगळ्यात लागतं ते पुढे. ज्या डबल प्लेवाचून सामना लांबला, ती मॅझरोस्कीची हयातभराची कारागिरी. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने कारकिर्दीत १,७०६ डबल प्ले, हा विक्रम त्याचा. त्यातले १६१ एकट्या १९६६ च्या हंगामात. त्याचा ग्लव्ह लहान आणि कडक होता, खोल खिसा मुद्दाम ठेवलेला नव्हता, कारण खोल खिशात चेंडू रुततो आणि बाहेर काढायला वेळ जातो. चेंडू ग्लव्हवर टेकल्यासारखा व्हायचा आणि उजव्या हातात असायचा, म्हणून सहकारी त्याला 'नो टच' म्हणायचे. अंगावर घसरत येणाऱ्या धावकाला चुकवायला बाकीचे बाजूला उडी मारतात. तो बेसवर पाय रोवून फेकायचा.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. बाकीचे पाच भरभर घेतो.

२६ मे १९५९, मिलवॉकी. हाच हॅडिक्स, ओळीने ३६ फलंदाज आउट, १२ परिपूर्ण इनिंगा. तेराव्यात डॉन होकचा पहिल्या बेसकडचा थ्रो चुकला आणि पहिला माणूस पोचला. बंट, हँक ॲरनला मुद्दाम वॉक, मग जो ॲडकॉकचा चेंडू भिंतीपलीकडे. ॲरन मधूनच वळला, ॲडकॉक त्याच्या पुढे गेला, म्हणून होम रनचा डबल (दोन बेसची हिट) धरला आणि निकाल १-०. समोरच्या ल्यू बर्डेटने १२ हिट देऊनही धाव दिली नाही.

१ सप्टेंबर १९७१. मेजर लीगमध्ये नऊच्या नऊ कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडू प्रथमच एकत्र उतरले. फिलाडेल्फियाचा पिचर डावखुरा होता, अशा वेळी पहिल्या बेसवर एरवी बॉब रॉबर्टसन असायचा. त्या दिवशी पायरेट्सचा मॅनेजर डॅनी मर्टोने अल ऑलिव्हरला उभं केलं. पायरेट्स १०-७ ने जिंकले.

३० सप्टेंबर १९७२. क्लेमेंटेची ३,००० वी हिट, जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर डबल. ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान समुद्रात कोसळून तो गेला. या क्षणाला मी माझ्या मुद्द्याच्या चौकटीत बसवत नाही. एवढंच सांगतो की उजव्या मैदानात त्याने सलग १२ गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार, मिळवले होते.

१४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार, असा निर्णायक सामना. नवव्यात पायरेट्स २-० ने पुढे. दुसऱ्या बेसच्या होजे लिंडकडून साधा सरपटता चेंडू निसटला. त्याच वर्षीचा गोल्ड ग्लव्ह त्याचाच. शेवटी फ्रान्सिस्को कॅब्रेराच्या सिंगलवर सिड ब्रीम दुसऱ्या बेसवरून घरी. गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला, संथ पळणारा, आणि दोन हंगामांपूर्वी पायरेट्सचाच पहिल्या बेसचा माणूस. बॅरी बाँड्सचा थ्रो पहिल्या बेसच्या बाजूला थोडा सरकला, कॅचरला हात लांबवून परत आणावा लागला, तेवढ्यात पाय टेकला आणि पायरेट्स हरले. त्यानंतर पायरेट्सचे सलग २० हंगाम विजयापेक्षा पराभव जास्त असलेले.

तो वनवास संपला त्या वर्षीचा १ ऑक्टोबर २०१३. पायरेट्सच्या पीएनसी पार्कमध्ये सारं मैदान समोरच्या सिनसिनाटीच्या पिचर क्वेटोचं नाव ओरडत होतं, त्याच्या हातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनचा होम रन. इथे बॅटचं श्रेय बॅटला.

आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भालाफेकीतून आलेले, २००८ साली याच संघाने करारबद्ध केले. त्यांच्याविषयी प्रश्न विचाराल तेव्हा बोलू.

एक राहिलं. २००१ साली मॅझरोस्कीला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे कूपरस्टाउनच्या बेसबॉल सन्मान-दालनात, घेतलं. तिथल्या व्यासपीठावर तो हातात लिहिलेली पानं घेऊन उभा राहिला. क्षेत्ररक्षणालाही इथे जागा असायला हवी, पिचिंग आणि बॅटिंगइतकंच त्याचं श्रेय आहे, एवढं बोलला आणि त्याचा कंठ दाटून आला. पानं तशीच राहिली. अडीच-तीन मिनिटांत तो खाली बसला आणि समोरचे सगळे उभे राहिले.