९ कॅसेट आणि ५० वर्षं

नमस्कार मंडळी. आज तुरुंगांबद्दल बोलायचंय. घाबरू नका, कायद्याचा तास घेणार नाहीये, मला स्वतःलाच कलमं पाठ होत नाहीत. मला एक किस्सा सांगायचाय, आणि खरं सांगतो, त्या किश्श्यासाठीच हा विषय घेतलाय, पण तो लगेच सांगून टाकला तर उरलेला वेळ काय करू, म्हणून आधी थोडे आकडे. लिहून घेऊ नका, कानावरून गेले तरी पुरे.

एक लाख माणसं धरा. जपानमध्ये त्यातली चाळीसच्या आतच तुरुंगात सापडतील. फिनलंडमध्ये पन्नास-साठ. कॅनडात शंभरच्या आसपास. अमेरिकेत पाचशेच्या वर. आणि मध्य अमेरिकेतला तो चिमुकला देश, एल साल्वाडोर, तिथे हजाराच्याही कितीतरी पुढे. पुन्हा सांगतो, एक लाखातले चाळीस आणि एक लाखातले हजारावर. माणसं तीच, दोन हात दोन पाय, मग एवढा फरक कसा?

आपल्या मनात पहिलं येतं ते हे की तिथे गुन्हेच जास्त होत असतील. थोडं खरंय ते. अमेरिकेत युरोपपेक्षा खून जास्त होतात, बंदुका घराघरात आहेत. पण साध्या चोऱ्यामाऱ्या बघाल तर एवढा मोठा फरक नाही. आणि मजा पुढे आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये लाखामागे साधारण १६० कैदी होते, २००८ मध्ये साडेसातशेच्या वर. आता १९९१-९२ नंतर तिथले गुन्हे कमी व्हायला लागले होते, वर्षानुवर्षं कमी होत होते, तरी तुरुंग भरतच राहिले. शेजारच्या कॅनडातही गुन्हे त्याच सुमाराला कमी झाले, पण त्यांचा आकडा शंभराच्या आसपास बसलाय तो बसलाच आहे.

घरातली पाण्याची टाकी आठवा. टाकीत पाणी किती हे कशावर ठरतं, वरून किती येतंय आणि खालून किती जातंय. तुरुंगाचं तेच. किती जण आत येतात आणि किती दिवस आत राहतात, बस्स, दोनच गोष्टी. किती येतात, किती दिवस राहतात. आणि हे दोन्ही नळ चोराच्या हातात नसतात, कायदा करणाऱ्याच्या, सरकारी वकिलाच्या आणि न्यायाधीशाच्या हातात असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, आता किस्सा.

साल १९९५, नोव्हेंबर महिना. कॅलिफोर्निया राज्यात ऑन्टारिओ नावाचं एक गाव आहे, कॅनडातलं नव्हे, हे दुसरं. तिथल्या एका मोठ्या दुकानात अँड्राडे नावाचा माणूस शिरला, वय ३७. आधी लष्करात नोकरी केलेला, तीन मुलांचा बाप, आणि हेरॉइनच्या नादी लागलेला. त्यानं पाच व्हिडिओ कॅसेट उचलल्या, त्याच त्या जुन्या काळ्या ठोकळ्यासारख्या, ज्या बघून झाल्यावर मागे फिरवाव्या लागायच्या आणि हमखास कोणीतरी न फिरवताच परत द्यायचं. दारातच पकडला गेला. किंमत ८४ डॉलर ७० सेंट. सुटला म्हणा, आणि बरोबर दोन आठवड्यांनी शेजारच्या गावातल्या दुसऱ्या दुकानात गेला, चार कॅसेट पँटच्या मागच्या बाजूला कमरेत खोचल्या, आणि पुन्हा दारात पकडला गेला. आता मला सांगा, ह्याला काय अट्टल चोर म्हणायचं? चार कॅसेट कमरेत खोचून माणूस चालेल कसा हो! त्यांची किंमत ६८ डॉलर ८४ सेंट. दोन्ही मिळून दीडशेच्या थोडी वर, मालही दुकानालाच परत.

एरवी अशा भुरट्या चोरीला काही महिने आत. पण अँड्राडेच्या नावावर आधीची चोरी होती, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं सरकारी वकिलाला मुभा होती की ह्याला किरकोळ गुन्हा म्हणा किंवा मोठा गुन्हा म्हणा, तुमची मर्जी. वकिलानं मोठा म्हटलं. आणि इथे तो प्रसिद्ध कायदा आडवा आला, तीन स्ट्राइकचा कायदा. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की गडी बाद, तसं तिसरा मोठा गुन्हा केला की कमीत कमी २५ वर्षं, त्यानंतर पॅरोलचा विचार होणार, आणि नाही मिळाला पॅरोल तर मरेपर्यंत आत. (कायद्याला खेळातली नावं देऊ नयेत असं माझं जुनं मत आहे. खेळात बाद झालेला गडी पुढच्या डावात परत येतो, इथे कुठला पुढचा डाव? पण नाव सुटसुटीत असलं की लोकांच्या तोंडात बसतं आणि तोंडात बसलं की मतं मिळतात, ह्या नावांपायी जगात किती वाईट कायदे खपले असतील देव जाणे. असो.)

तर अँड्राडेच्या आधीच्या स्ट्राइक कुठल्या? बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या घरफोड्या, त्याही एकाच वेळी कबूल केलेल्या. कुणाला मारहाण नाही, हत्यार नाही. आता हिशेब करा, पहिल्या पाच कॅसेटचे २५ ते जन्मठेप, दुसऱ्या चार कॅसेटचे २५ ते जन्मठेप, आणि दोन्ही शिक्षा एकत्र नाही, एक संपली की दुसरी सुरू. म्हणजे ५० वर्षं. नऊ कॅसेट, पन्नास वर्षं. पॅरोलचं नाव काढायचं तर वय ८७.

आता हा कायदा आला कुठून हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल तिथले लोक वेडेच आहेत. वेडे नव्हते, दुःखात होते. फ्रेस्नो शहरातल्या एका फोटोग्राफरची अठरा वर्षांची मुलगी १९९२ मध्ये पर्स हिसकावणाऱ्यांनी मारली. त्या बापानं ह्या कायद्यासाठी जिवाचं रान केलं, पण फारसं कोणी ऐकत नव्हतं. मग १९९३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीला तिच्या घरातून पळवून मारलं, आणि मारणारा निघाला जुना गुन्हेगार, पॅरोलवर सुटलेला. सगळं राज्य पेटलं. मार्च १९९४ मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून त्यावर पुन्हा शिक्का मारला, शंभरातल्या ७२ जणांनी हो म्हटलं. टीव्हीवर रात्रंदिवस तेच चालू होतं. (बातमीला मागून संगीत लावतात ना, ढ्यां ढ्यां करून, ते बंद केलं पाहिजे, रेडिओवर असलो तरी सांगतो, भीती आवाजातून शिरते.) आणि त्या बारा वर्षांच्या मुलीचा बाप, ज्याच्या मुलीमुळे हे सगळं पेटलं, तोच पुढे ह्या कायद्याच्या विरोधात उभा राहिला, कारण त्याच्या लक्षात आलं की तिसरा गुन्हा हिंसेचा असायची अटच नाहीये, कॅसेटसुद्धा चालते.

अँड्राडेची केस भांडत भांडत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली. मधल्या एका कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिलाही होता. सुप्रीम कोर्टात ५ मार्च २००३ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार, शिक्षा कायम. विरोधातल्या न्यायमूर्ती साउटर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की ही शिक्षा जर गुन्ह्याच्या मानानं अवाजवी नसेल तर अवाजवी ह्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

त्याच दिवशी दुसऱ्या एका माणसाचाही निकाल लागला, त्यानं गोल्फच्या तीन काठ्या पँटच्या पायात घालून पळवल्या होत्या, दुकानातल्या माणसानं त्याला लंगडत बाहेर जाताना पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. २५ ते जन्मठेप. तीही पाच विरुद्ध चारनंच कायम.

बघा, अर्धा वेळ गेला, नेहमीसारखाच. पण मुद्दा त्यातच आलाय. चोरी तीच, चोर तोच. वकिलानं किरकोळ म्हटलं असतं तर काही महिने, मोठा म्हटलं तर ५०. तो जिल्ह्याचा सरकारी वकील अमेरिकेत निवडून येतो, बऱ्याच राज्यांत न्यायाधीशही निवडून येतात, आणि 'मी लोकांना लवकर सोडतो' असं सांगून कोण निवडून येणार? वरून खटला चालवायचा म्हटला तर एवढ्या लांब शिक्षेची भीती, की दहातले नऊ आरोपी वकिलाशी सौदा करून गुन्हा कबूल करून मोकळे होतात, म्हणजे मोकळे नाही, आत जातात. आणि तिथल्या जिल्हा तुरुंगांत तर बहुतेक कच्चेच कैदी, शिक्षा झालेलीच नाही, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून बसलेत.

अमली पदार्थांचंही तसंच. १९८६ चा अमेरिकेचा कायदा, क्रॅक कोकेन, म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे, ५ ग्रॅम सापडलं तर पाच वर्षं, आणि कोकेनची पांढरी पावडर असेल तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम. एकाच मालाची दोन रूपं, शंभरपट फरक, आणि क्रॅकवाले पकडले जायचे ते बहुतेक काळे. २०१० मध्ये शंभरपट कमी करून अठरापट केलं. अठरा का, ते विचारू नका.

एल साल्वाडोरचं मात्र सरळ सांगतो, तिथे उत्तर सोपं नाही. टोळ्यांनी देश खाऊन टाकला होता, २०१५ मध्ये लाखामागे शंभरच्या वर खून व्हायचे, आणि मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ६२ माणसं मारली. सरकारनं आणीबाणी लावली, ऐंशी हजारांवर लोक उचलले, ४० हजारांचा नवा तुरुंग बांधला. खून खरोखरच खूप कमी झाले, आणि लोकांनी २०२४ मध्ये त्याच राष्ट्राध्यक्षाला प्रचंड मतांनी परत आणलं. जी आई टोळीच्या भीतीनं मुलाला बाहेर सोडत नव्हती तिला मी काय शहाणपण शिकवू? पण जिचा मुलगा नुसत्या संशयावरून उचलला आणि अजून कच्चा कैदी म्हणून आत आहे, ती पण आईच. टाकीचा वरचा नळ पूर्ण सोडलाय आणि खालचा बंद केलाय, एवढंच दिसतंय.

उलटा खेळ फिनलंडनं करून दाखवला. १९५० च्या आसपास तिथे लाखामागे दोनशेच्या जवळ कैदी होते, शेजारच्या स्वीडन-नॉर्वेच्या कितीतरी पट. तिथल्या जाणकारांना ह्याची लाज वाटली, हो, लाजच. मग चोरीच्या शिक्षा कमी केल्या, रस्त्यावर दारू पिऊन पडलेल्याला दंड भरता आला नाही म्हणून आत टाकायचे ते बंद केलं, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला तुरुंगाऐवजी बहुतेक वेळा दंड आणि टांगती शिक्षा, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच आत. हळूहळू, वीस-तीस वर्षं, गाजावाजा न करता. आकडा साठ-सत्तरवर आला, आणि गुन्हे? शेजाऱ्यांकडे जसे वर-खाली झाले तसेच तिथेही झाले, वेगळं काही नाही. नेदरलँड्समध्ये तर तुरुंग रिकामे पडायला लागले, तेव्हा त्यांनी एक तुरुंग नॉर्वेला भाड्यानं दिला, २०१५ पासून तीनेक वर्षं नॉर्वेचे कैदी तिथे राहिले, पहारेकरी डच आणि साहेब नॉर्वेचा.

काचेपलीकडून हात दाखवतायत, एकच राहिलं. कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये पुन्हा मतदान घेतलं, आणि ह्यावेळी लोकांनी ठरवलं की तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसेचाच असला पाहिजे. आधीच शिक्षा भोगत असलेल्यांना फेरविचाराचा अर्ज करता आला, आणि थोड्याच काळात हजाराहून जास्त माणसं बाहेर आली. कॅसेटचा जमाना तोवर संपला होता. बरंय मंडळी, नमस्कार.