ठोक्यांची अक्षरं

(सुरुवातीला चित्र नाही. पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज. मग बाजार.)

रविवार सकाळ. पुण्यातल्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जमिनीवर अंथरलेल्या कागदांवर कुलपं आहेत, कॅमेऱ्यांची भिंगं आहेत, कर्णा नसलेला ग्रामोफोन आहे. हौशी माणसं इथेच रमतात. आम्ही जातो पुढे, जिथे गोणपाटावर पितळ ओतलेलं असतं.

ही तपेली त्या ढिगाच्या तळाशी होती. काळी पडलेली, एका बाजूला पोचा आलेला. काठाखाली अंगठा फिरवला तेव्हा खरखरीत लागलं. घरी आणून चिंचेच्या कोळाने घासली. आता बघा काय वर येतंय.

(जवळून. अक्षरं एकेक उजळत जातात. निवेदन सावकाश.)

'चि. सौ. कां. कुसुम हीस आत्याकडून. शके १८६२ वैशाख शु॥ ३. वजन ३॥ शेर.'

शके १८६२ म्हणजे १९४०. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. 'चि. सौ. कां.' लग्न लागेपर्यंतच लिहितात, म्हणजे ही अक्षरं लग्नाआधीच घालून झाली होती. आणि तीनपुढच्या त्या दोन उभ्या रेघा? एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. साडेतीन शेर. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, किलो आला, शेर गेला. तपेलीवर तो अजून आहे.

आडनाव नाही. गावही नाही. ज्यांनी वाचायचं, त्यांना ते ठाऊकच होतं.

भांड्यावर नाव घालायचं कारण अगदी रोकडं होतं. घरात कार्य निघालं की आळीतल्या प्रत्येक घरातून भांडी गोळा व्हायची. घंगाळ एकाकडचं, परात दुसऱ्याकडची, हंडे-कळश्या तिसऱ्याकडच्या. पंगती उठल्यावर सगळी एकाच मोरीत घासायला पडायची. ती आपापल्या घरी परतायची ती या अक्षरांच्या भरवशावर.

(कसबा पेठ. अरुंद बोळ. आवाज आधी, माणसं नंतर.)

ही तांबट आळी. तांबटांची ही घरं पेशवाईपासून पुण्यात तांबं घडवत आली आहेत. 'टुक टुक टुक' करणाऱ्या त्या छोट्या हिरव्या पक्ष्याला आपण तांबट का म्हणतो, ते इथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही. गुळगुळीत पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देतात, त्याला मठार म्हणतात. ठोके बसतात तसा पत्रा घट्ट होतो, आणि प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडतो. थोडा वेळ नुसतं बघू या.

(निवेदन थांबतं. वीस सेकंद मठार.)

तपेली आधी कल्हईला दिली. कल्हई नसली तर आतलं आंबट कळकतं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. भाता चालू झाला, निखारे लाल झाले. तापलेल्या पितळेवर नवसागराची चिमूट पडली आणि हा पांढरा धूर उठला. नवसागर धातूवरचा गंज खातो, जागा स्वच्छ करतो. मग कथलाची कांडी टेकवली. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे नुसत्या स्पर्शाने ते पाणी होऊन धावायला लागतं. आता कापसाचा बोळा बघा. एक फेरा, दुसरा फेरा, आणि आतून चांदी. लगेच पाण्यात. चर्रर्र.

आता ज्यांच्यासाठी आम्ही तीन वेळा येऊन गेलो ते गृहस्थ. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी उभा जन्म नावं घातली. डोळे थकले, म्हणून आता रोज बसत नाहीत. आमच्यासाठी त्यांनी छिन्नी काढली.

(हात, छिन्नी, पातेलं. हा प्रसंग कापू नये.)

पेन्सिलीने आखणं नाही, खडूची खूण नाही. पातेलं दोन पायांत धरलेलं. छिन्नीची धार टेकवली, हलका ठोका, धार केसभर पुढे, पुन्हा ठोका. रेघ ओढलेली नाही, ती ठोक्यांनी चालत गेली आहे. काना सोपा. 'क'ची गाठ आली की नीट बघा, छिन्नी आहे तिथेच राहते आणि पातेलं फिरतं. वळण हाताने येत नाही, ते पायांतून येतं. म्हणून जुन्या भांड्यांवरचे गोलवे जवळून पाहिले की ते बारीक बारीक सरळ रेघांचे निघतात.

आणि इथे चूक खोडता येत नाही. आमच्या तपेलीवर 'आत्याकडून' मधला शेवटचा 'न' दाटीवाटीने बसवलाय. जागा संपत आली होती. त्या कारागिराचं नाव कुठेच नाही, पण त्या आखडलेल्या 'न'मध्ये तो आम्हाला सापडला.

मग विजेवर चालणारं पेनासारखं यंत्र आलं. घरात स्टील आलं, त्यावर नावं या यंत्राने पडली. काम झटपट, रेघ उथळ. रोजच्या घासण्याने ती पुसट होते. छिन्नीचं अक्षर पत्र्यात उतरलेलं असतं.

पितळ मात्र मोडीत निघालं. ते वजनावर जातं आणि अक्षरांसकट वितळतं.

भांडी विकू नका, असं आम्ही म्हणत नाही. जागा नसते, घासायला माणूस नसतं, सगळं खरं आहे. मोडवाल्याला देण्याआधी काठाखाली एकदा अंगठा फिरवा. अक्षरं लागली तर चिमूटभर पीठ घेऊन त्यांत चोळा, वरचं फडक्याने पुसा, आणि तिरप्या उजेडात फोटो काढा. फोनचा कॅमेरा पुरतो. आम्ही दाखवलेली बहुतेक अक्षरं अशीच टिपली आहेत.

(वाई. घाटाच्या पायऱ्या, मग वाड्याचा चौक.)

वाईत आम्ही एका घरी दोन भांडी बघायला गेलो. आजींनी नातवाला माळ्यावर चढवलं आणि चौक भरून गेला. घंगाळ, बंब, दोन सतेली, गडू, फुलपात्रांची चळत. आजी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरं त्या बोटांनी ओळखतात. हा डबा मामंजींचा, इथे दोन ठिपके आहेत. हे सतेलं धाकट्या जावेचं, चुकून राहिलं, तिला निरोप धाडायचाय. ही कळशी माहेरची.

(आजी कळशी मांडीवर घेतात. बोट काठाखालून फिरतं. इथे निवेदन नाही.)

वरून नातवाची हाक येते, अजून एक पोतं आहे. आजी म्हणतात, "सावकाश रे बाबा, आदळू नकोस."