हा तुकडा जिवंतपणी काय करत होता?

[दृश्य: रिकामा लोखंडी तवा. शेजारच्या ताटात तीन जिन्नस: हाडासकट मांसाचा जाड तुकडा, गडद तांबडी कलेजी आणि एक अख्खा बांगडा.]

तवा एक, जिन्नस तीन. तिघांना सारखीच आच दिली तर मांस वातड होईल, कलेजी रवाळ होईल आणि माशाचा चुरा होईल. तब्येतीसाठी हे सगळं खायचं ठरवून स्वयंपाकघरात शिरलेल्या बहुतेकांचा पहिला आठवडा असाच जातो. पौष्टिक आहे म्हणून आणायचं, पैसे दिलेत म्हणून चावत बसायचं आणि उरलेलं फ्रीजरच्या तळाशी ढकलायचं.

पाककृती पाठ करायच्या आधी ताटातल्या तुकड्याला एक प्रश्न विचारायचा. बाबा रे, तू जिवंतपणी काय काम करत होतास?

[दृश्य: मांस उलटंपालटं करून पाहणारे हात. बोट एका पिवळसर कडेवर थांबतं.]

ही पिवळी झाक पाहा. गुरं हिरव्या गवतावर चरली की गवतातलं बीटा-कॅरोटीन त्यांच्या चरबीत उतरतं. शेळ्या-मेंढ्यांची चरबी मात्र कितीही गवत खाल्लं तरी पांढरीच राहते, कारण त्यांचं शरीर या कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकतं. तेव्हा रंगावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

चरणीवरचं जनावर दिवसभर चालतं. धान्य खाऊन एका जागी वाढलेल्या जनावरापेक्षा त्याच्या मांसात चरबी कमी असते आणि त्या चरबीत ओमेगा-3 या तब्येतीला चांगल्या समजल्या जाणाऱ्या स्निग्धाम्लाचं प्रमाण जास्त असतं. इथे थोडं थांबायला हवं, कारण या ‘जास्त’वर बराच मोठा बाजार उभा आहे. मुळात आकडाच लहान आहे. 100 ग्रॅम मांसात हे ओमेगा-3 मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं, तर 100 ग्रॅम तारलीत ते एक ग्रॅमच्या आसपास मिळतं. ओमेगा-3 हवं असेल तर मासा खावा. गवतावरचं मांस खायचं ते चवीसाठी, प्रथिनांसाठी, सहज अंगी लागणाऱ्या लोहासाठी. तेही बेतानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये तांबड्या मांसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला थेट कर्करोगकारकांच्या गटात. आहारतज्ज्ञ साधारणपणे आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅम तांबडं मांस ही वरची मर्यादा सांगतात.

[दृश्य: तव्यावर पडलेला तुकडा. चर्रर्र आवाज.]

हा आवाज ऐका. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक समज रूढ केला: मोठ्या आचेवर मांस भाजलं की बाहेरून कवच तयार होतं आणि रस आत कोंडला जातो. आजही अनेक स्वयंपाकी हे छातीठोकपणे सांगतात. पण रस कोंडला गेला असता तर तवा चर्र वाजला कशाला असता? तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच आहे. भाजण्याने मिळतो तो खमंगपणा. पृष्ठभाग कोरडा होऊन 140 अंश सेल्सिअसच्या वर गेला की तो येऊ लागतो. म्हणून तव्यावर टाकण्याआधी तुकडा पुसून घ्यायचा. खमंग आणि करपलेलं यात मात्र फरक आहे. काळं पडलेलं कापून टाकावं.

मांसातली प्रथिनं 50 अंश सेल्सिअसच्या आसपास आवळायला लागतात. 65 ते 70च्या दरम्यान ती दुसऱ्यांदा आवळतात, आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर येतं. चरबी असली की तोंडात हा कोरडेपणा लपतो. चरणीच्या मांसाकडे ते पांघरूण नाही. म्हणून आच जरा कमी ठेवायची, लवकर उतरवायचं आणि टोचायचा थर्मामीटर वापरायचा. यात कमीपणा काहीच नाही. अख्ख्या तुकड्याच्या मध्यभागी 63 अंश झाले की उतरवायचं आणि तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिमा मात्र 71पर्यंत न्यायचा. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिमा करताना ते आतपर्यंत कालवले जातात.

हे झालं पाठीच्या कण्यालगतच्या मांसाचं. त्या स्नायूंनी आयुष्यात फारसं ओझं उचललेलं नसतं. खांदा, मान, नळीवरचं मांस यांनी जन्मभर भार वाहिलेला असतो, आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर असतं. त्याला दोन-तीन तासांची सवड लागते. पाणी खदखदू द्यायचं नाही, कडेला एखाददुसरा बुडबुडा दिसला की पुरे. मग कोलॅजेनचं जिलेटिन होतं. त्या मांसातलं पाणी केव्हाच निघून गेलेलं असतं, तरी ते जिभेवर रसाळ लागतं ते या जिलेटिनमुळे. प्रेशर कुकरमध्ये हेच काम निम्म्याहून कमी वेळात होतं. त्या रश्शातलं कोलॅजेन थेट आपल्या गुडघ्यात जाऊन बसतं, ही मात्र भाबडी आशा. पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखंच ते पचून मोडतं. आणि हाडं उकळली म्हणून पाण्यात फारसं कॅल्शियमही उतरत नाही. रस्सा प्यावा, चव छान असते.

[दृश्य: फळीवर कलेजी. नखाने उचकटून निघणारा पातळ पापुद्रा.]

आता कलेजी. मराठीत काळीज तुटतं, काळजाचं पाणी होतं, काळजाला घरं पडतात. एवढा मान मिळालेला हा अवयव प्रत्यक्षात शरीराचं कोठार आहे आणि कारखानाही.

1926 साली अमेरिकेत जॉर्ज मायनट आणि विल्यम मर्फी या डॉक्टरांनी रक्त घटवत नेणाऱ्या पर्निशस अ‍ॅनिमियाच्या रुग्णांना कलेजी खायला घातली. रोज, 120 ते 240 ग्रॅम. तोवर हा आजार म्हणजे सावकाश येणारा मृत्यूच होता. कलेजी खाऊन रुग्ण उठून बसले. ज्यांच्या प्रयोगांवरून ही कल्पना सुचली त्या जॉर्ज व्हिपल यांच्यासह दोघांना 1934चं नोबेल मिळालं. कलेजीत नेमकं काय होतं ते कळायला 1948 उजाडलं. त्या वर्षी जीवनसत्त्व ब-12 वेगळं काढता आलं. तोवर कित्येक माणसं निव्वळ कलेजीच्या आधारावर जगत होती. नावडती असूनही रोज गिळणाऱ्या त्या रुग्णांची मला राहून राहून आठवण येते, विशेषतः कोणी कलेजीला नाक मुरडतं तेव्हा.

पण कोठार म्हटलं की साठा आला. 100 ग्रॅम शिजवलेल्या गोवंशाच्या कलेजीत जीवनसत्त्व अ 9,000 मायक्रोग्रॅमच्या घरात असतं, आणि मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा आहे 3,000. ब-12 जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, अ मात्र शरीरात साठत राहतं. 1597 मध्ये आर्क्टिकमध्ये अडकलेल्या विलेम बॅरेन्ट्सच्या डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचं काळीज खाल्लं. ते आजारी पडले आणि त्यांची कातडी सोलून निघाली, अशी नोंद त्यांच्यातल्याच गेरिट दे वेअरने करून ठेवली आहे. अस्वलाच्या काळजात अ जीवनसत्त्वाचा साठा कैक पटींनी जास्त असतो. आपल्यासाठी आठवड्यातून एकदा, तळहाताएवढी कलेजी पुष्कळ झाली. गरोदर बाईने खाऊच नये. गाऊटचा, म्हणजे युरिक आम्लाने सांधे सुजण्याचा त्रास असलेल्यांनी सगळ्याच अवयवांपासून लांब राहावं, त्यांत प्युरिन फार, आणि त्याचंच शरीरात युरिक आम्ल होतं.

‘कलेजीत विष साठतं’ म्हणणारेही भेटतील. यकृत म्हणजे गाळ साचणारी चाळणी नव्हे. ते विषारी पदार्थ मोडून पुढे पाठवतं. कॅडमियमसारखा जड धातू मात्र यकृतात आणि गुर्द्यात खरोखर साचतो, आणि वयाबरोबर वाढतो. म्हणून कोवळ्या जनावराचे अवयव घ्यावेत.

[दृश्य: सेंटिमीटरभर जाडीचे काप. तापलेला तवा. थर्मामीटरचं टोक.]

कलेजीला ना ओझं वाहायचं असतं, ना चालायचं. तिच्यात वितळवण्यासारखं कोलॅजेन जवळजवळ नसतंच. म्हणून तिला जास्त वेळ देण्याचा उपयोग शून्य. पापुद्रा काढायचा, काप पुसायचे, दोन्ही बाजूंनी मिनिट-दोन मिनिटं परतायचे. मध्यभागी 71 अंश झाले की उतरवायची. 80 होऊ दिले तर ती रवाळ होते आणि तोंडात खिळा चघळल्यासारखी लागते. कोंबडीच्या कलेजीत कॅम्पिलोबॅक्टर जंतू आतपर्यंत असू शकतात, तेव्हा ती आतून कच्ची सोडायची नाही. नवशिक्याने सरळ चार भाग खिम्यात एक भाग बारीक चिरलेली कलेजी मिसळावी. कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाकीचे अवयव याच प्रश्नाने उलगडतात. हृदय क्षणभरही न थांबलेला स्नायू आहे. शिरा काढून पातळ कापलं तर चटकन होतं. गुर्द्यातला पांढरा गाभा काढून टाकायचा, वास तिथेच दडलेला असतो. जीभ तीन तास शिजवायची आणि गरम असतानाच सोलायची. गार झाली की साल हट्टाला पेटते.

[दृश्य: बर्फावर ठेवलेला बांगडा. चमकदार डोळा. दाबून पाहणारं बोट.]

माशाचं ओझं पाणी उचलतं. त्याला भक्कम दोरखंडांची गरजच नाही. त्याचे स्नायू आखूड पापुद्र्यांचे असतात आणि मधलं कोलॅजेन 50-55 अंशांना विरघळतं. मासा सुट्टा होतो तो त्यामुळेच. सुरीचं टोक घालून पापुद्रे सहज सुटले की झालं.

थंड पाण्यातल्या माशांची एंझाइम्स (मांस मोडणारी प्रथिनं) थंडीतच काम करायला सरावलेली असतात, त्यामुळे फ्रीजच्या चार-पाच अंशांत त्यांचं काही अडत नाही. मासा बर्फातच हवा. जिवाणू त्याच्या अंगातल्या एका पदार्थाचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, तोच तो हिवस वास. लिंबाचं आम्ल त्याला बांधून ठेवतं. वास गेला म्हणजे शिळा मासा ताजा झाला, असं मात्र कुणी समजू नये. ट्यूना आणि बांगडा उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन हा अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारा पदार्थ तयार होतो, आणि तो कितीही शिजवलं तरी जात नाही.

पाराही शिजवून जात नाही. लहान माशांना खाणारे मोठे मासे तो साठवत जातात, म्हणून मुशी आणि तलवार माशाऐवजी तारली आणि बांगडा बरे. स्वस्तही पडतात.

[दृश्य: माकूळ. पांढऱ्या, ओल्या गोल चकत्या. गॅसशेजारी स्वयंपाकघरातलं घड्याळ.]

शेवटी राहिली माकूळ, म्हणजे स्क्विड. हाडं नाहीत, तरी हालचाल जोरकस, त्यामुळे अंगभर कोलॅजेन विणलेलं. तापलेल्या तव्यावर दोन मिनिटांत उतरवली तर लुसलुशीत लागते. पाचव्या मिनिटाला रबर होते. तिथे घाबरून तवा बंद करायचा नाही. घोटभर पाणी घालायचं, झाकण ठेवायचं आणि चाळीस मिनिटं तिकडे बघायचंही नाही.

घड्याळ दोन मिनिटांवर लावलंय. चकत्या तव्यावर पडताहेत.