तांब्याच्या पत्र्यावरचं घर

श्रोतेहो, नमस्कार.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. बाईच्या मांडीवर लहान मुलगी बसली आहे. बाईच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा झगा, मुलीच्या कमरेला पांढरं कापड. खाली पाण्याचं भांडं. एका हाताने बाईने मुलीला धरून ठेवलंय, दुसऱ्या हाताने ती तिचं पाऊल धुते आहे. दोघींची डोकी एकमेकींजवळ, नजर पाण्यात. आपण जणू उभं राहून वरून हे पाहतो आहोत.

हे चित्र १८९३ सालचं, सध्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. चित्रकर्तीचं नाव मेरी कसाट. वात्सल्याची चित्रकार म्हणून तिची ओळख करून दिली जाते. मला मात्र त्यात आधी दिसतात ते हात. मूल घसरू नये म्हणून किती घट्ट धरायचं, आणि दुखू नये म्हणून किती सैल, हे त्या हातांना ठाऊक आहे. आणि हे टिपणाऱ्या मेरीने लग्न केलं नाही, तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिने ते पाहून पाहून मिळवलं होतं.

तिचा जन्म १८४४चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. फिलाडेल्फियात शिकून ती पॅरिसला गेली. तिथल्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेचं दार बायकांना १८९७पर्यंत बंद होतं. मग खासगी शिकवणी, आणि लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करत बसणं. सालोन या अधिकृत प्रदर्शनात तिची चित्रं लागत, पण १८७७ साली पाठवलेली दोन्ही चित्रं नाकारून परत आली. त्याच वर्षी चित्रकार एडगर देगाने तिला आपल्या बंडखोर मंडळींत, म्हणजे सालोन सोडून स्वतःची प्रदर्शनं भरवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांत बोलावलं. १८७९पासून ती त्यांच्याबरोबर चित्रं मांडू लागली.

पण श्रोतेहो, मला आज सांगायचंय ते तिच्या छापचित्रांबद्दल. १८९०च्या वसंतात पॅरिसमध्ये जपानी लाकडी ठशांच्या छापांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेही त्याच एकोल दे बोझारमध्ये! मेरी ते पाहून झपाटली. मैत्रिणीला, चित्रकार बर्थ मोरिसोला, तिने आग्रहाने कळवलं, हे चुकवू नकोस. आणि स्वतः कामाला लागली.

तिने लाकूड घेतलं नाही, तांब्याचे पत्रे घेतले. सुईने रेघ कोरायची, राळेची पूड आणि आम्ल वापरून सपाट छटा उठवायची. एका चित्राला साधारण दोन-तीन पत्रे. प्रत्येक छापाच्या वेळी पत्र्यावर रंग हाताने भरायचे, आणि सगळे पत्रे कागदावर बरोबर एकावर एक बसले पाहिजेत. लेरॉय नावाचा छपाई कारागीर मदतीला होता. दोघं दिवसभर राबले तरी कधी कधी जेमतेम आठ-दहा छाप निघत. अशी दहा चित्रं, प्रत्येकाच्या पंचवीस प्रती.

विषय काय? पाकिटाला जीभ लावून ते बंद करणारी बाई. शिंपिणीकडून कपडा बेतून घेणारी. केस बांधणारी. ट्रॅममध्ये बाळाला घेऊन बसलेली. रोजचंच सगळं, पण रेघ इतकी नेमकी की पाठीचा एक बाक पाहून ती बाई दमली आहे हे कळावं. माझ्या मते तिच्या तैलचित्रांहूनही हे काम मोठं आहे.

१८९१ साली फ्रेंच छापचित्रकारांच्या संस्थेने ठरवलं, प्रदर्शनात जन्माने फ्रेंच असतील त्यांनाच जागा. मेरी आणि चित्रकार कामी पिसारो बाहेर राहिले. दोघांनी चित्रविक्रेता द्युराँ-र्‍युएलच्या दालनात, त्या प्रदर्शनाच्या शेजारच्याच खोल्यांत आपली चित्रं लावली.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू आला, शस्त्रक्रिया झाल्या, १९१४च्या सुमारास हातातलं काम सुटलं. पण १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये बायकांच्या मताधिकारासाठी निधी उभारायला प्रदर्शन भरलं, तेव्हा तिची चित्रं त्यात होती. मैत्रीण लुइझिन हॅवमायरने ते भरवलं होतं. १९२० साली अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला, तेव्हा मेरी हयात होती. फ्रान्समधल्या आपल्या बोफ्रेन इथल्या घरी, १९२६च्या जूनमध्ये ती गेली.