नावेचा पंखा, स्टीलचा की ॲल्युमिनियमचा

श्रोतेहो, नमस्कार. पुणे जिल्ह्याला समुद्र नाही, पण भिगवण, पळसदेवपासून खाली पसरलेली उजनी आहे. तिथे नावेला आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून बसवायचं, इंजिन लावून जाळी टाकायला जाणाऱ्यांना पंखा बदलताना दुकानात विचारलं जातं, स्टीलचा देऊ की ॲल्युमिनियमचा? स्टीलच्या पंख्याला साधारण तिप्पट-चौपट पैसे पडतात, म्हणून तो चांगलाच असणार असं वाटतं. धरणाच्या पाण्यात मात्र तसं नाही.

स्टील कुठे सरस ठरतं ते आधी बघू. ते ताठ असतं, म्हणून पातं पातळ करता येतं आणि जोर आला तरी ते लवत नाही. ॲल्युमिनियमचं पातं जाड ठेवावं लागतं आणि पूर्ण वेगात ते किंचित लवतं. पन्नास-साठ हॉर्सपॉवरचं इंजिन, खोल मोकळं पाणी आणि लांबची धाव असेल, तर हा फरक वेगात आणि वळणावरच्या पकडीत जाणवतो. दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनावर, जाळी सोडत हळू जाताना, तो जवळपास जाणवत नाही.

आता उजनी मायनसमध्ये जाते, म्हणजे पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली उतरतं, तेव्हाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. बुडालेल्या गावठाणांचे चौथरे, दगड, बाभळीची खोडं वीतभर पाण्याखाली येतात. ॲल्युमिनियमचं पातं आपटलं की वाकतं किंवा त्याचा तुकडा उडतो, आणि तडाखा बराचसा तिथेच संपतो. स्टील सहजासहजी वाकत नाही. तो धक्का शाफ्टवर आणि गिअरवर जातो. पंख्याच्या मधल्या भागात रबरी बुश असतं. तडाखा बसला की ते घसरून गिअर वाचवतं, पण दर वेळी ते वेळेवर घसरेल असं धरून चालू नका. गिअरबॉक्स उघडायचा खर्च पंख्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून धरणात आमचा कौल ॲल्युमिनियमला, आणि नावेत दुसरा पंखा, नट, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची पिन) आणि पाना कायम ठेवा. अगदी छोट्या इंजिनात रबरी बुशाऐवजी शिअर पिन असते. ती तुटायलाच बनवलेली आहे, तिच्या जागी खिळा ठोकू नका.

धातूपेक्षा जास्त फरक पिचने पडतो. पंख्यावर ‘सव्वानऊ बाय नऊ’ असं काही कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू जातो तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल, ते पिच. नेहमीचं वजन, म्हणजे माणसं, जाळी, बर्फ आणि मासळी, भरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा मीटर, वाचा. पुस्तिकेत ५००० ते ६००० आरपीएम सांगितले असतील आणि तुमचं इंजिन ४६०० लाच अडत असेल, तर पिच जास्त आहे. इंजिन दमतंय. पिच एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आरपीएम मर्यादेच्या वर जात असतील तर पिच वाढवा. स्टीलचा पंखा घेतलात, तर त्याच आकड्यांवर विसंबू नका, ही तपासणी पुन्हा करा.

हीच नाव कोकणात खाऱ्या पाण्यात नेणार असाल, तर स्टीलच्या पंख्याशेजारी इंजिनाचं ॲल्युमिनियमचं अंग झिजतं. तिथे झिंकचा ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून इंजिनाला वाचवणारा धातूचा तुकडा, हवा आणि तो अर्धा झिजला की बदलायचा. गोड्या पाण्यात झिंकवर थर धरतो आणि ते काम करेनासं होतं. तिथे मॅग्नेशियमचा ॲनोड चालतो.

पंखा काढताना इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला आणि स्पार्क प्लगच्या टोप्या काढलेल्या. हे आधी, हात नंतर. पंखा फिरू नये म्हणून पातं आणि वरची आडवी पट्टी यांच्यात लाकडाचा तुकडा अडकवा. कॉटर पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा, पंखा मागे खेचा. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते नीट लक्षात ठेवा. आता शाफ्टच्या बुडाशी बघा. जाळ्याचा नायलॉन दोरा तिथे गुंडाळलेला सापडला, तर तो पूर्ण काढा, कारण पाणी आत येऊ न देणारं शाफ्टचं सील तोच कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा सैल करा. आधी पाणी आलं किंवा तेल दुधाळ दिसलं, तर सील बदलल्याशिवाय नाव पाण्यात घालू नका. सगळं ठीक असेल तर शाफ्टच्या खाचांना पाण्याने न धुपणारं ग्रीस लावा, पंखा चढवा, नट पुस्तिकेप्रमाणे आवळा आणि कॉटर पिन दर वेळी नवीच घाला.